पोहताना छातीत पाणी गेलं तर: पुढचे आठ तास कसे काढायचे

उन्हाळी शिबिरं सुरू झाली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. मूल पोहून आलं, जेवलं, खेळलं, रात्री हसत झोपलं आणि सकाळी उठलंच नाही. डॉक्टर म्हणाले 'ड्राय ड्राउनिंग', म्हणजे 'कोरडं बुडणं'. २०१७ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एका लहान मुलाचा मृत्यू झाला, तेव्हापासून हा शब्द जगभर पसरला आणि आपल्याकडेही आला. खरं तर २००२ साली ॲम्स्टरडॅमला बुडण्यावर जागतिक परिषद भरली होती, तिथल्या तज्ज्ञांनी 'ड्राय', 'सेकंडरी', 'निअर' हे सगळे प्रकार मोडीतच काढले. पाण्यामुळे श्वासाला अडथळा आला की ते बुडणं. त्यातून माणूस दगावतो, वाचतो पण इजा राहते, किंवा ठणठणीत वाचतो. जागतिक आरोग्य संघटना हीच व्याख्या वापरते.

त्या मेसेजमधला 'काहीच लक्षण नव्हतं' हा भाग खोटा आहे. छातीत गेलेलं पाणी गुपचूप बसून दोन दिवसांनी जीव घेत नाही. ज्यांचं पुढे बिघडतं त्यांना खोकला असतो, श्वास वाढलेला असतो, रंग बदललेला असतो आणि हे बहुतेक वेळा पहिल्या आठ तासांतच दिसतं. कुणी बघत नाही, किंवा बघूनही 'दमलाय, झोपू दे' म्हणून सोडून देतात. म्हणून घाबरून आठवडाभर जागरण करण्यापेक्षा हे आठ तास डोळसपणे काढलेले बरे.

आधी आत काय होतं ते बघू, म्हणजे पुढची प्रत्येक सूचना का आहे ते कळेल. फुप्फुसात कोट्यवधी हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला सर्फॅक्टंट नावाचा एक पातळ थर असतो. हा थर असल्यामुळे श्वास सोडल्यावर पिशव्या मिटून चिकटत नाहीत. पाणी तिथवर पोचलं की हा थर धुतला जातो किंवा निकामी होतो. पिशव्या मिटतात, त्यांच्या भिंतींतून रक्तातलं पाणी आत झिरपायला लागतं. त्या भागातून जाणारं रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. झिरपण्याची ही क्रिया काही तास चालते, आणि 'उशिराचा धोका' म्हणतात तो एवढाच. त्यासाठी फार पाणी लागत नाही. वजनाच्या दर किलोला १ ते ३ मिलिलिटर पुरतं. म्हणजे वीस किलोच्या मुलाला फार तर एक कटिंग चहाएवढं. गोडं पाणी की खारं, याने उपचारात काही फरक पडत नाही.

पोटात गेलेलं पाणी ही वेगळी गोष्ट. शिकाऊ मुलं तलावातलं पाणी भरपूर गिळतात, पोट तुडुंब होतं, बाहेर आल्यावर एखादी उलटी होते. उलटीत पडलेलं पाणी पोटातलं असतं. त्यावरून छातीत किती गेलं ते काहीच कळत नाही.

काठावरची पहिली दहा मिनिटं

ठसका लागलाय, पण शुद्ध आहे, स्वतःहून श्वास घेतोय, अशा माणसाला पाण्याबाहेर काढून ताठ बसवा. खोकू द्या. खोकला हाच सगळ्यात चांगला उपाय आहे. पाठीवर धपाटे मारू नका, तोंडात बोटं घालू नका, लगेच पाणी पाजू नका. अंग पुसून कोरडा टॉवेल गुंडाळा, कारण कुडकुडणाऱ्या मुलाचा श्वास तसाही भराभर चालतो आणि मग मोजून उपयोग नसतो.

घड्याळ बघा आणि वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवा. पुढचे आठ तास याच वेळेपासून मोजायचे. त्याच वेळी ज्यांनी पाहिलं त्यांना विचारून घ्या: डोकं पाण्याखाली किती वेळ होतं, स्वतः वर आला की कुणी ओढून काढलं, क्षणभर तरी शुद्ध गेली होती का, ओठ निळसर झाले होते का, उडी मारताना डोकं किंवा मान आपटली का. तलावावरचा जीवरक्षक घरी गेल्यावर ही माहिती मिळत नाही, आणि डॉक्टर पहिले प्रश्न हेच विचारतात.

साधा ठसका दोन-पाच मिनिटांत उतरतो. मूल पूर्ण वाक्य एका दमात बोलतं, आवाज नेहमीचा असतो, दहा मिनिटांनी 'परत जाऊ का?' विचारतं. अशा मुलाला दवाखान्यात न्यायची गरज नाही. मात्र त्या दिवशी पुन्हा पाण्यात सोडू नका.

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर घरी थांबून वाट बघणं नाही. १०८ ला फोन करा किंवा ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्या:

- कुणी तरी बुडताना बाहेर काढलं, किंवा थोडा वेळ का होईना शुद्ध गेली होती
- तोंडाने श्वास द्यावा लागला किंवा छाती दाबावी लागली (आता बरा दिसत असला तरी)
- दहा मिनिटांनंतरही खोकला चालूच आहे, बोलताना दम लागतो
- तोंडाला किंवा नाकाला फेस, ओठ-जीभ निळसर किंवा राखाडी
- गुंगी, बरळणं, वारंवार उलट्या
- एक वर्षाखालचं बाळ, दम्याचा किंवा हृदयाचा रुग्ण, फिट येणारा माणूस
- अंगात दारू असलेला माणूस

शेवटचा मुद्दा मुद्दाम घातलाय. पावसाळी सहलींत धबधब्याखाली किंवा धरणाच्या पाण्यात गटांगळी खाल्लेल्या मित्राला गाडीत मागे आडवा टाकतात. दारूची गुंगी आणि ऑक्सिजन कमी पडल्याची गुंगी बाहेरून सारखीच दिसते. अशा माणसावर घरी लक्ष ठेवता येत नाही.

घरी बघायचं काय, आणि कसं

आठ तासांपैकी पहिले चार तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर दर तासाने बघा. मुख्य काम श्वास मोजणं. हे वाटतं तेवढं सोपं नाही. बहुतेक लोक पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात आणि चुकतात, कारण मुलांचा श्वास मुळात एकसारखा नसतो.

मूल शांत बसलेलं किंवा झोपलेलं असू द्या. रडत, पळत, जेवत असताना मोजू नका. शर्ट वर करा, दिवा लावा. पोट आणि छाती दोन्ही दिसली पाहिजेत. मोबाइलवर साठ सेकंद लावा आणि पोट एकदा वर येऊन खाली गेलं की 'एक' असं पूर्ण मिनिट मोजा. आकडा वेळेसह लिहा. त्याच मिनिटात आणखी तीन ठिकाणी नजर टाका: बरगड्यांच्या खाली व मधे कातडी आत ओढली जाते का, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला खोल होतो का, नाकपुड्या फुगतात का. आपल्याकडे आज्या ज्याला 'पोट उडतंय' म्हणतात ते हेच. ते दिसलं तर आकडा कितीही असो, निघायचं.

आकड्यांच्या मर्यादा अशा धरा. एक ते पाच वर्षं मिनिटाला ४० किंवा जास्त, त्यापुढच्या मुलांत ३० च्या वर, मोठ्या माणसात २४ च्या वर, आणि तेही शांत असताना दोनदा मोजून. पण एकट्या आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा. सहा वाजता २२, सात वाजता २६, आठ वाजता ३० असं दिसलं तर चाळीसची वाट बघत बसू नका. पिशव्या मिटत चालल्या आहेत.

करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल तर काढा, आधी सेल बदला. बोट कोरडं आणि गरम असलं पाहिजे. तलावावरून आल्या आल्या गार बोटाला लावला तर ८८ दाखवेल आणि घरात हलकल्लोळ होईल. नेलपॉलिश पुसा, गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. नाडीचा आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा आणि मगच वाचा. ९५ च्या खाली दोनदा आला, तर रुग्णालयात. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या बोटावर मोठ्यांचा चिमटा नीट बसत नाही, प्रकाश बाजूने शिरतो आणि आकडा भलताच येतो. त्यांच्या बाबतीत यंत्र सोडा, पोट बघा. उलटंही लक्षात ठेवा: ९७ आहे पण बरगड्या ओढल्या जातायत, तर ते मूल जोर लावून ९७ टिकवतंय. थकलं की आकडा घसरेल.

खोकल्याकडेही कान द्या. पोहून आल्यावर अधूनमधून घसा खाकरणं चालतं. तो तासातासाला कमी होत गेला पाहिजे. उतरलेला खोकला दोन-तीन तासांनी पुन्हा सुरू झाला, ओला झाला, छातीत घरघर यायला लागली, गुलाबी किंवा फेसाळ कफ पडला तर पुढचं मोजमाप बंद करून निघा.

झोपू द्यावं का, हा प्रश्न प्रत्येक आईला पडतो. द्यावं. झोपेने काही बिघडत नाही, उलट झोपेत श्वास मोजायला सोपा जातो. संध्याकाळी पाचला ठसका लागला असेल तर रात्री एकपर्यंत गजर लावायचा. दर वेळी मोजा, आणि दोनदा हलवून उठवाही. चिडून 'झोपू दे ना' म्हणणारं, पांघरूण ओढून घेणारं मूल ठीक आहे. नीट उठत नाही, डोळे फिरवतं, ओळख पटत नाही असं मूल ठीक नाही. उशी थोडी उंच ठेवा आणि पहिले दोन तास पोटभर जेवण देऊ नका. उलटी झाली तर ती पुन्हा श्वासनलिकेत जायची भीती असते.

रात्री एकला सगळं सुरळीत असेल तर तुम्हीही झोपा.

जे करू नये

सर्दी-खोकल्याचं सिरप देऊ नका. त्यातल्या बऱ्याच औषधांनी गुंगी येते, आणि आपण जे लक्षण शोधतोय तेच झाकलं जातं. खोकला दाबणारी औषधं तर नकोच. वाफ देऊन फुप्फुसातलं पाणी सुकत नाही. वाफेच्या भांड्याने मुलं भाजतात मात्र नक्की. घरात उरलेली ॲन्टिबायोटिकची गोळी 'इन्फेक्शन होऊ नये' म्हणून देणं निरुपयोगी आहे, आणि पुढे खरोखर न्यूमोनिया झाला तर जंतू ओळखणं अवघड होतं. ब्रँडी, हळदीचं कढत दूध, छातीला बाम यांनी फुप्फुसाला काही होत नाही. दूध प्यायचं असेल तर दोन तासांनी प्यावं, चवीसाठी.

विहिरीवर आणि नदीकाठी अजून चालणाऱ्या प्रकारांबद्दल स्पष्ट लिहायला हवं. बुडालेल्याला पालथा घालून पोट दाबणं, खांद्यावर किंवा डोक्यावर घेऊन गरगर फिरवणं, मडक्यावर आडवा टाकणं, पाय धरून उलटा लटकवणं यातून पाणी पडतं, बघणाऱ्यांना समाधान मिळतं. पण ते पोटातलं असतं आणि वर येताना थेट श्वासनलिकेत उतरतं. ठसका लागून शुद्धीत असलेला माणूसही यामुळे रुग्णालयात पोचू शकतो. मिठाच्या ढिगात पुरून जिवंत करण्याचे मेसेज तर सरळ डिलीट करावेत.

श्वास चालत नसेल तर वेळ श्वास देण्यातच घालवा. कठीण जागेवर उताणा झोपवा, हनुवटी वर उचला, नाक दाबून तोंडाने आधी पाच श्वास द्या, प्रत्येकी छाती वर येईल एवढाच. मग ३० वेळा छाती दाबणं आणि २ श्वास, हे चक्र. मोठ्या माणसात पाच-सहा सेंटिमीटर खोल, मुलात छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने. फक्त छाती दाबण्याची पद्धत हृदयविकाराच्या झटक्यासाठी ठीक. बुडालेल्याच्या रक्तात ऑक्सिजनच संपलेला असतो, नुसतं रक्त फिरवून काय मिळणार? तोंडातून फेस येत राहिला तरी तो पुसत बसू नका, त्यावरूनच श्वास देत राहा. उलटी झाली तर कुशीवर वळवा, तोंड साफ करा, पुन्हा सुरू करा.

रुग्णालयात काय होतं

सौम्य लक्षणं असलेल्याला साधारण चार ते सहा तास, कधी आठ तास देखरेखीखाली ठेवतात. ऑक्सिजनची पातळी सतत बघतात, छाती पुन्हा पुन्हा तपासतात. घरघर असेल तर नेब्युलायझर, ऑक्सिजन कमी असेल तर मास्क, त्याहून जास्त लागलं तर दाबाने हवा देणारं यंत्र. मिटलेल्या पिशव्या त्याने उघड्या राहतात. छातीचा एक्स-रे लगेच काढला तर तो स्वच्छ येऊ शकतो, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे, सोडा आम्हाला' असा हट्ट धरू नका. तसंच सलाइन, ॲन्टिबायोटिक किंवा स्टेरॉइड दिलं नाही म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. पहिल्या दिवशी ते न देणंच बरोबर असतं.

ब्राझीलचे डॉक्टर डेव्हिड स्पिलमन यांनी १९९७ साली तिथल्या समुद्रकिनाऱ्यांवरच्या १,८३१ जणांची नोंद तपासून बुडालेल्यांच्या पायऱ्या ठरवल्या. नुसता खोकला आणि छाती स्वच्छ, अशांपैकी कुणीही दगावलं नव्हतं. छातीत थोडी घरघर असलेल्यांत प्रमाण ०.६ टक्के होतं, फुप्फुसात पाणी भरलेल्यांत, रक्तदाब ठीक असताना, ५.२ टक्के. म्हणजे छाती स्वच्छ असलेला खोकला आणि घरघर यांच्यामध्ये खरी रेघ आहे, आणि ती स्टेथोस्कोपनेच कळते. शंका असेल तर जवळच्या डॉक्टरकडून छाती तपासून घेण्याचा फायदा हाच.

आठ तासांनंतरचे दिवस

श्वासाचा धोका संपल्यावर पाण्यातल्या जंतूंचा प्रश्न उरतो, आणि तो पाणी कुठलं होतं यावर अवलंबून असतो. क्लोरीन नीट टाकलेल्या तलावात तो कमी. विहीर, ओढा, खाडी, पुराचं पाणी यांत जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ताप, कफ, श्वास घेताना छातीत टोचणं असं झालं तर न्यूमोनियाची शक्यता असते. पाच ते चौदा दिवसांत अचानक थंडी-ताप, पिंढऱ्या दाबल्या तरी सहन न होणं, डोळे लाल होणं, ही लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) चिन्हं. कोकणात आणि मुंबईच्या पावसात हे डॉक्टरांना सांगावंही लागत नाही, पण पुण्या-नाशिकच्या दवाखान्यात 'ओढ्यात पोहलो होतो' हे स्वतःहून सांगा. कोमट गोड्या पाण्यातल्या एका अमिबाने केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत बळी घेतले आहेत. तो छातीतून नाही, नाकातून मेंदूत जातो. आजार फार दुर्मीळ आहे, पण पोहल्यानंतर बारा दिवसांच्या आत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठ, असं झालं तर तासाभराचाही उशीर नको. अशा पाण्यात उडी मारताना नाक दाबावं किंवा नाकाची क्लिप लावावी.

तीन प्रसंग वरच्या चौकटीत बसत नाहीत. तलावावर एकाच वेळी अनेकांना खोकला, डोळ्यांची आग सुरू झाली तर ते पाणी नव्हे, क्लोरीन वायू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या तलावावर अशी गळती झाली होती. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, उंच जागी जा, कारण हा वायू जड असतो. ओले कपडे काढून अंग धुवा आणि सगळ्यांना रुग्णालयात न्या. यात फुप्फुसाची सूज चोवीस तासांपर्यंतही येऊ शकते.

दुसरा प्रसंग तान्ह्या बाळांचा. वर्षाखालच्या बाळाला पाण्यात वारंवार बुचकळलं तर ते एवढं पाणी गिळतं की रक्तातलं सोडियम उतरतं. काही तासांत बाळ मलूल होतं, अंग गार पडतं, झटके येतात. छाती स्वच्छ असली तरी हे घातक आहे, रक्ताची तपासणी लागते.

तिसरा, धरमतर ते गेटवेसारख्या लांब अंतराच्या समुद्री पोहण्यातला. पाण्याचा घोटही नाकातोंडात न जाता दमछाक, खोकला आणि गुलाबी फेस येऊ शकतो; श्रमाने आणि गार पाण्याच्या दाबाने फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं. तिथे अंतर पूर्ण करायचा विचार सोडून लगेच बोटीत चढायचं असतं.

पाण्यात परत कधी उतरायचं? साधा ठसका असेल तर दुसऱ्या दिवशी, खोकला पूर्ण थांबला असेल तर. रुग्णालयात राहावं लागलं असेल तर डॉक्टर छाती तपासून हो म्हणेपर्यंत नाही. आणि चांगलं पोहता येणारा माणूस उथळ, शांत पाण्यात विनाकारण बुडाला असेल, तर नुसतं फुप्फुस बघून घरी येऊ नका. ईसीजी काढून घ्या, फिटची शंका असेल तर तीही तपासून घ्या, आणि घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा.